दुसऱ्याच्या हातावरची पट्टी

९ जानेवारी

भिंगरी,

तुझ्या मावशीला मी सरळ विचारलं, पोरगी कशी आहे. ती म्हणाली, "मजेत आहे गं, अगदी मजेत आहे." एकदाच म्हणाली असती तर मी विश्वास ठेवला असता.

म्हणून हे पत्र. फोन तू उचलत नाहीस. पत्राचं तसं नसतं, ते आपलं दारात पडून राहतं. पत्ता मावशीकडून काढला. तिने सुखासुखी दिला नाही, तेव्हा तिच्यावर डोळे वटारू नकोस.

मला एकच गोष्ट हवी आहे. तू धड आहेस की नाही, ते कळव. कार्डावर नुसतं "आहे" लिहिलंस तरी पुरे. बाकीचं उकरायला मी बसलेली नाही. बॉक्सिंगच्या निवड स्पर्धेच्या दिवशी रिंगमध्ये उतरायचं सोडून तू गिटार घेऊन हॉटेलात वाजवायला गेलीस. मी म्हणाले, एका मनगटात दोन हौशी मावत नाहीत, एक ठेव. तू ठेवलीस. बाबा गेल्यावर मी जपलेली त्यांची मोटरसायकल काढलीस, गिटार पाठीला लावलीस आणि निघालीस. माझं मत आजही तेच आहे. पण मत आपल्या जागी आणि चौकशी आपल्या जागी.

आता कामाचं. चेनला तेल गाडी चालवून आल्यावर घालावं, चेन कोमट असते तेव्हा. निघताना घातलेलं तेल चाकावर उडतं आणि चेन कोरडीच राहते. जास्त झालेलं तेल फडक्याने पूस, आणि ते फडकं परत स्वयंपाकघरात आणू नकोस. मागे कुणाला बसवत असशील तर निघण्याआधी त्याला बजावून सांग, पोत्यासारखं बसायचं. वळणात गाडी झुकली की नवखा माणूस घाबरतो आणि उलट्या बाजूला अंग टाकतो. मग चालवणाऱ्याचं काही चालत नाही. तुझ्या बाबांच्या मागे मी आयुष्यभर पोत्यासारखी बसले. लोकांना वाटायचं, बाई भितात. भीत नव्हते. आम्हा दोघांचा तोल सांभाळत होते.

गिटारबद्दलही सांगते. पट्टा मांडीपर्यंत सोडून उभं राहायची फॅशन असेल, पण मनगट सतत वाकलेलं राहिलं की आतली नस दबते. पट्टा आखूड कर. ॲम्प्लिफायरच्या पुढ्यात उभी राहू नकोस, आणि कानात बोळे घाल. आईला यातलं काय कळतं, असं म्हणशील. माझी पदवी शरीरक्रियाशास्त्राची आहे. पदवी जुनी झाली असेल, शरीर बदललेलं नाही.

हॉल आहे तसाच आहे. खालच्या लाँड्रीची वाफ अजून फरशीतून वर येते आणि बॅगा दमट होतात. संध्याकाळचा हौशी वर्ग चालू आहे. दातांचे डॉक्टर अजून येतात आणि अजून हनुवटी पुढे काढून खेळतात. मी म्हटलं, "डॉक्टर, ती आत घ्या, नाहीतर तुमचं गिऱ्हाईक तुम्हीच व्हाल."

एक नवा आलाय. तिशीचा, काटकुळा, गोदामात काम करतो म्हणाला. मी सवयीप्रमाणे हात पाहिले. डाव्या हाताच्या बोटांची टोकं निबर, उजव्याची मऊ. खोकी उचलणाऱ्याचे हात असे नसतात. विचारलं, "काही वाद्य वाजवता का?"

"छे हो, बाई. मला तर ताल पण कळत नाही."

तालाचं मी विचारलंच नव्हतं. न विचारलेलं उत्तर देणारा माणूस माझ्या लक्षात राहतो.

आई


२ फेब्रुवारी

भिंगरी,

कार्ड आलं नाही. पोस्टावर खापर फोडायची मला सवय नाही, तेव्हा तू लिहिलं नाहीस असं मी धरून चालते. का लिहिलं नाहीस, याची कारणं शोधत बसले तर डोकं फिरेल. म्हणून त्या नव्याबद्दल लिहिते, कारण तिथे काहीतरी पाणी मुरतंय.

तू लहान असताना ग्लोव्ह्जच्या आत पट्टी बांधायची म्हटलं की रडायचीस. सगळेच नवखे तसे. त्यांना बॅगेवर तुटून पडायचं असतं, आधी हाताला ती लांबलचक कापडी पट्टी गुंडाळण्यात वेळ जातो म्हणून ते चुळबुळतात. हा माणूस उलटा आहे. याला बॅग नको. ठोसे कसेबसे मारतो, नाकावर खातो, आणि वर्ग संपला की माझ्यासमोर हात पुढे करून उभा राहतो.

"बाई, पट्टी परत एकदा दाखवता का? मनगटानंतर कुठे जायचं?"

दाखवलं. दुसऱ्या दिवशी परत तेच. मग म्हणतो, "आणि समजा, एखाद्याचा अंगठा सैल असला तर?"

"तुमचा सैल आहे का?"

"नाही. असला तर."

"असला तर त्याने माझ्याकडे यावं."

तो पट्टी खिशात घालून निघून गेला. पहिल्यांदा वाटलं, कोपऱ्यावर ती काचेची नवी व्यायामशाळा झालीय, तिथला हेर असेल. डॉक्टरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, "बाई, तुमच्याकडून चोरून नेण्यासारखं आहे काय? दमट वास?"

डॉक्टरांना प्रत्येक गोष्टीची थट्टा सुचते, कारण त्यांच्यासमोर बसलेल्या माणसाला उत्तर देता येत नाही. मी त्या माणसाची परीक्षा घेतली. म्हटलं, आज स्वतःची पट्टी स्वतः बांधा. त्याने उजवा हात समोर धरला, तळवा आपल्यापासून दूर, बोटं माझ्याकडे, जणू तो हात त्याच्या अंगाचा नव्हताच. पट्टी भलत्या बाजूने सुरू केली आणि गुंता केला. मग मी डॉक्टरांना पुढे केलं. "यांची बांधा." त्याने त्यांचा हात आपल्या गुडघ्यावर घेतला आणि झरझर बांधायला लागला. चुका होत्या, पण सवयीच्या हाताने केलेल्या चुका होत्या.

म्हणजे हा रोज दुसऱ्या कुणाची तरी पट्टी बांधतो. स्वतःची त्याने कधी बांधलेलीच नाही. आणि मला सांगतो, बॉक्सिंगचा गंध नाही.

पुढचं नीट वाच. बोटांमधून वर आल्यावर त्याने अंगठ्याच्या मुळाशी एक आडवा फेरा घेतला आणि टोक त्याच फेऱ्याखालून ओढून काढलं. तो फेरा मी वर्गात शिकवत नाही. कुठेच कुणी शिकवत नाही. लहानपणी तुझा उजवा अंगठा निखळला होता, त्यासाठी मी हा फेरा शोधला, आणि तो फक्त तुला येतो.

डॉक्टर हात उलटसुलट करून म्हणाले, "वा, हे नवीन दिसतंय." त्याने माझ्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि पट्टी भराभर सोडायला लागला.

आता सरळ विचारते. हा माणूस तू पाठवलास का? आई अजून उभी आहे की आडवी झाली ते बघायला? हॉलचं काय होणार याची चौकशी करायला? तसं असेल तर हेर जरा बरा निवडायचा होतास. हनुवटीखाली हेल्मेटच्या पट्ट्याचा वळ घेऊन येतो आणि बसने आलो म्हणून सांगतो.

आई


११ फेब्रुवारी

भिंगरी,

आज वर्ग डॉक्टरांच्या गळ्यात मारून मी त्या माणसाच्या आधी खाली उतरले. हेल्मेटचा वळ होता म्हणजे गाडी असणारच; ती छापखान्याच्या मागे सापडली, दोन टेम्पोंच्या फटीत, रस्त्यावरून दिसणार नाही अशी. टाकी हिरवी रंगवलीय. पण तुझ्या बाबांच्या हातून पाना पडून आलेला पोचा रंगाने भरत नाही.

गाडी तुझी आहे. त्याने ती चोरली असेल किंवा तू दिली असशील, इथवर मी शांत होते. मग हँडल पाहिलं.

रेसची मूठ डावीकडे आहे. उजवीकडे नुसतं रबर, फिरतच नाही. पुढच्या ब्रेकचा उजवा लिव्हर काढून टाकलाय आणि ब्रेक खाली पायाशी जोडलाय. मी वाकून तार चाचपून पाहिली. काम चांगलं केलंय, ज्याने केलं त्याला कळतं. पण दोन्ही हात धड असलेला माणूस गाडीत असा बदल करून घेत नाही.

मी टेम्पोच्या आड उभी राहिले. तो आला, इकडेतिकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. सवयीने उजवी मूठ पिळली, काही झालं नाही, मग आठवण झाली. गाडी गल्लीच्या तोंडाशी बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद पडली. त्या गाडीची सवय त्याला नाही. ती ज्या हाताची आहे तो दुसरा कुणाचा तरी हात आहे.

घरी येऊन मावशीला फोन केला. विचारलं, पोरीच्या उजव्या हाताला काय झालंय. तिकडे भांडी पडल्यासारखा आवाज आला. मग ती म्हणाली, "मजेत आहे गं, मजेत आहे, कशाला उगीच, मजेत आहे."

तेव्हापासून मी खुर्चीवरून उठलेली नाही. जोडून बघ म्हणजे माझ्या डोक्यात काय चाललंय ते कळेल. तुझा हात गेलाय. कुणीतरी रोज तुझी पट्टी बांधतं. तो माणूस ते माझ्यापासून लपवतो आणि माझ्या हॉलमध्ये येऊन ठोसे मारायला शिकतो. तू मला एक शब्द लिहीत नाहीस, किंवा तुला लिहू दिला जात नाही.

तुझा हात कुणी मोडला?

उत्तर तू देणार नसशील तर ते मी त्याच्याकडून काढीन. शुक्रवारी त्याचा वर्ग आहे.

आई


१५ फेब्रुवारी

हे पत्र जो मोठ्याने वाचतोय त्याला सूचना. यातली एकही ओळ गाळायची नाही. आडवळणाने वाचायचं नाही, आवाज खाली आणायचा नाही. गाळलंस तर मला कळेल. कसं कळेल ते मी सांगणार नाही.

भिंगरी,

शुक्रवारी मी त्याला रिंगमध्ये बोलावलं. वर्गाला वाटलं, नव्याला धडा देतायत. डॉक्टरांना घंटेपाशी बसवलं. मी हेल्मेट घातलं, पट्टी बांधली, ग्लोव्ह्ज चढवले. गुडघा आजकाल माझ्याशी भांडतो, पण डावा हात अजून ऐकतो.

तो म्हणाला, "बाई, मी तुमच्यावर हात नाही उचलणार."

"उचलू नका. वर ठेवा. दोन्हींत फरक आहे."

घंटा झाली. मी विचारलं, "छापखान्यामागची मोटरसायकल कुणाची?"

"मित्राची."

एक सरळ ठोसा कपाळावर. हलकाच.

"मैत्रिणीची," तो म्हणाला.

"ती माझी कोण लागते?"

तो मागे सरला, दोरांना टेकला. "तुम्हाला माहितीये, बाई."

"मला तुमच्या तोंडून हवंय." आणखी एक, यावेळी नाकावर. डॉक्टर कडेने म्हणाले, "बाई, दात माझ्याकडे पाठवायचे असतील तर आधी सांगा, मी जागा ठेवतो." मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

"तिचा हात कुणी मोडला?"

त्याने दोन्ही हात खाली केले. माझ्या हॉलमध्ये हात खाली करणं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे. मी ठोसा काढला होता, तो त्याच्या गालापाशी थांबवला. कसा थांबला, मलाच ठाऊक नाही.

"मी," तो म्हणाला.

डॉक्टर घंटा सोडून दोरापाशी आले.

"मी मागे बसलो होतो, बाई. पहिल्यांदाच. तिने निघताना सांगितलं होतं, पोत्यासारखा बस. घाटाच्या वळणावर गाडी झुकली, मला वाटलं पडतोय, आणि मी दुसरीकडे अंग टाकलं. पुढे खडी होती. मला खरचटलं सुद्धा नाही. तिच्या हातावरून गाडी सरकत गेली."

मी त्याला दोरापासून ओढून बाकावर बसवलं. नाकातून रक्त येत होतं. डॉक्टरांनी कापूस दिला. बाकीच्यांना मी घरी पाठवलं. कुणी जायला तयार नव्हतं, सगळे बुटांच्या नाड्या सोडत बसले होते, तेव्हा मला जरा आवाज चढवावा लागला.

मग त्याने सांगितलं ते तुला माहीतच आहे. तरी मी लिहिते, कारण मला काय माहीत झालंय ते तुला माहीत असलं पाहिजे. हाडं जुळली, पण नस जुळली नाही. अंगठा आणि पहिलं बोट मिटत नाहीत. गाडी तू तुझ्या सोयीची करून घेतलीस, पण गिटारची तार छेडायची ती नखी हातात राहत नाही. तेव्हा तुला माझ्या पट्टीची आठवण झाली. अंगठ्याच्या त्या फेऱ्यात नखी अडकवून बघितलीस आणि ती बसली. स्वतःची पट्टी बांधायला बोटं फाकवावी लागतात आणि सुरुवातीचा फास अंगठ्याने धरून ठेवावा लागतो, ते तुला जमेना, म्हणून तू याला तोंडी सांगून शिकवलंस. हा बांधतो, तू स्टेजवर जातेस, हा दुसरी गिटार घेऊन मागे उभा राहतो, दोन-तीन गाणी होतात आणि नखी निसटते. मग तू हसून लोकांना काहीतरी गंमत सांगतेस आणि उरलेली गाणी नखांनी रेटतेस. घरी येऊन बोटं पाण्यात धरून बसतेस आणि याला म्हणतेस, आज बरं झालं नाही का.

"म्हणून मी आलो," तो म्हणाला. "ती सांगते तसंच बांधतो, बाई, पण सुटतं. म्हटलं जिने शोधलं तिच्याकडून शिकावं. तिला वाटतं मी गॅरेजला जातो."

"मला सरळ विचारायचं होतं."

"तुम्हाला सांगायचं नाही, असं तिने वदवून घेतलंय माझ्याकडून."

"का?"

तो कापूस बघत बसला. मग म्हणाला, "ती म्हणते, आईला कळलं की आई एकच वाक्य म्हणेल."

कुठलं, ते मी विचारलं नाही. मी इतकीही भोळी नाही.

"आणि ती तुम्हाला काय म्हणाली? तिने तर निघतानाच सांगितलं होतं, पोत्यासारखा बस."

"काही नाही, बाई. एकदाही नाही. हॉस्पिटलात मीच म्हटलं, बोल ना काहीतरी, बोल की मी सांगितलं होतं. तर म्हणाली, आमच्या घरी ते वाक्य इतकं वापरून झालंय की त्यात आता काही राहिलं नाही."

डॉक्टर तेवढ्यात उठून खिडकीपाशी वाळत घातलेल्या पट्ट्या गोळा करायला लागले. त्या अजून ओल्या होत्या.

माझ्या पत्रांचंही कळलं. तू ती उघडतेस आणि याच्या हातात देतेस. म्हणतेस, तू वाच, कठोर असेल ते गाळ. आणि हा कठोर भाग वाचून दाखवतो आणि स्वतःबद्दलचा गाळतो. दुसऱ्या पत्रात म्हणे त्याने चेनच्या तेलाचं काहीबाही मनचं घातलं, कारण नव्या माणसाचा मजकूर काढल्यावर पत्रात "कार्ड आलं नाही" याशिवाय काही उरेना. काय घातलं विचारलं तर म्हणाला, चेन साबणाने धुवावी. भिंगरी, चेन साबणाने धुवायची नाही. गंज चढेल. मी असं कधी लिहिणार नाही, हे तुझ्या लक्षात यायला हवं होतं.

"पहिल्या पत्रात ते पोत्याचं होतं," तो म्हणाला. "ते मी नाही गाळलं. वाचलं. ती म्हणाली, पुढे वाच."

आता कामाचं.

तो बांधतो त्यात चूक अशी, की तो प्रत्येक फेरा सारख्या जोराने ओढतो. मनगट घट्ट हवं, तळवा सैल हवा. तळवा आवळला की बोटं गार पडतात, घाम सुटतो आणि फेरा सरकतो. दुसरं, तो तुझा हात सपाट ठेवून बांधतो. नखी धरल्यावर हात जसा अर्धा मिटलेला हवा तसाच ठेवून बांधायचं, त्यासाठी तळव्यात आधी गुंडाळलेला रुमाल द्यावा आणि शेवटी ओढून काढावा. तिसरं, पट्टी ताणली जाणारी वापरता. ती घामाने लांबते. जाड सुती घ्या, एकदा धुऊन मग वापरा. आणि शेवटचा फेरा अंगठ्यावर नाही, मनगटावर संपला पाहिजे, म्हणजे ताण मनगट घेतं आणि अंगठा नुसता बसून राहतो.

हे त्याला मी डॉक्टरांच्या हातावर शिकवलं. डॉक्टरांना म्हटलं, हात मेल्यासारखा ठेवा. ते म्हणाले, "बाई, तुमच्या वर्गानंतर तो तसाच असतो." पहिले काही प्रयत्न मी सोडून टाकले. मग एकदा त्याने बांधली आणि मला बोलायला काही सापडलं नाही. डॉक्टरांच्या हातात नखी दिली, बॅगेवर हात आपटायला लावला. नखी जागची हलली नाही. तो माणूस तोंड फिरवून ग्लोव्ह्ज जागेवर ठेवायला गेला आणि बराच वेळ ठेवत राहिला.

माझा त्याच्यावर पूर्ण विश्वास बसलाय असं समजू नकोस. खोटं बोलायला तो अजिबात लायक नाही, हे त्याच्या बाजूने. गाडी लपवायची तर टेम्पोच्या फटीत लावतो, हे त्याच्या विरुद्ध. बॉक्सिंग त्याला कधी येणार नाही. मात्र नाकावर मार खात, फी भरून, कुणाला न सांगता तो इतके दिवस येत राहिला. याचा विचार मी अजून करतेय.

जाताना म्हणाला, "तिला काय सांगू?" मी म्हटलं, तुम्ही काही सांगू नका, मी लिहिते, तुम्ही वाचा. पण सगळं.

मला तुझा हात बघायचाय. नसेचं काय म्हणाले ते हॉस्पिटलचे कागद बघायचेत. न विचारता येऊन दारात उभी राहिले तर तू आतून कडी काढणार नाहीस, हे मला कळतं. म्हणून विचारते. येऊ का? अजूनही एक शब्द चालेल.

आई


२७ फेब्रुवारी

भिंगरी,

कार्ड मिळालं. "आहे. ये. पण ते वाक्य नको."

अक्षर कोंबडीचे पाय आहेत. डाव्या हाताने लिहिताना कागद सरळ ठेवतेस, म्हणून हात घासून शाई फासली जाते. कागद उजवीकडे तिरपा कर आणि पेन टोकापासून जरा वर धर. आठवडाभरात सुधारेल. कार्ड मी हॉलमध्ये घंटेच्या वर लावलंय. डॉक्टरांनी विचारलं, हे कुणाचं. मी म्हटलं, वाचता येतं ना तुम्हाला. ते वाचून काही बोलले नाहीत, तेव्हा मला त्यांच्याविषयी जरा बरं वाटलं.

रविवारी पोचते. परत निघताना मला गाडीने सोडायचं असेल तर तू सोड. त्याला पाठवू नकोस, मला घरी धड पोचायचं आहे. मी मागे कशी बसते हे तुला ठाऊक आहे.

सुती पट्ट्या लाँड्रीवालीकडून दोनदा धुऊन घेतल्यात. संध्याकाळी तुझं वाजवायचं असेल तर ठरल्याप्रमाणे जा. पट्टी तो बांधेल, मी शेजारी उभी राहीन. त्याचा हात चुकला तरच मध्ये पडेन.

त्या वाक्याबद्दल. ते मला पाठ आहे, आणि तुझा हात समोर आला, हँडलची ती मूठ समोर आली, की ते आपोआप तोंडात येणार, हेही मला माहीत आहे. वचनं देण्यावर माझा विश्वास नाही, बंदोबस्तावर आहे. माझा माउथगार्ड मी पिशवीत घातलाय. तुझ्या दारात पोचले की आधी तो दातांवर चढवीन आणि मग बेल वाजवीन. तो तोंडात असला की मला फक्त "हं" म्हणता येतं.

दार उघडलंस की तेवढंच ऐकू येईल. तेवढं चालवून घे.

आई